सोमवारचा लाल कागद

या अंकाच्या समस्त वाचकांस, त्यांच्याकडे फराळाला आलेल्या पाहुण्यांस आणि चिवड्याच्या डब्याखाली हा अंक ठेवणाऱ्या मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंग्लंडमधल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला भर हंगामात, नाताळच्या तोंडावर, जे घरी बसवण्यात आलं, ते कृत्य प्रस्तुत लेखिकेचं आहे. लेखिका मूळची नागपूरची, हल्ली मुक्काम नेपरव्हिल, इलिनॉय. तिने आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. सदर कृत्य तिने घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी बसून, एका क्लिकमध्ये उरकलं. वाचकांनी शांतता राखावी.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे फारशी सोय नाही.

मी पंचवीस वर्षं आकडे मोजायचं काम करते. त्यातली पहिली काही हिंजवडीत गेली, बाकीची इथे. शिकागोच्या आसपास गोदामं चालवणाऱ्या एका माणसाकडे मी होते. त्याला आपण स्कॉट म्हणू. कुठल्या गोदामातून किती खोकी हलली, कुठे अडली, याचा कागद मी त्याला दर सोमवारी देत असे. पन्नाशी गाठली की इथले पुरुष मोटरसायकल घेतात. स्कॉटने फुटबॉल क्लब घेतला. अमेरिकेतला नव्हे, इंग्लंडमधला, तिसऱ्या वर्गात खेळणारा, एका पावसाळी गावातला. घेतल्यावर मला बोलावून म्हणाला, “तू खोकी मोजतेस. पास मोजशील?”

मी हो म्हटलं. आयटीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं उत्तर येत नाही.

नागपूरला फोन केला तर आई घाबरली. “म्हणजे आता या वयात चड्डी घालून पळणार का वं तू?”

“नाही गं आई, मी फक्त मोजणार.”

“काय मोजणार?”

“कोण किती पळालं ते.”

“त्याचे पैसे देतात?” आई म्हणाली, आणि तिचा अमेरिकेबद्दलचा आदर पुन्हा वाढला.

काम असं होतं. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला मॅच सुरू झाली की नेपरव्हिलमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असायचे. नवरा, म्हणजे सुधीर, अंगणातला बर्फ उपसत असायचा आणि मी खाली स्क्रीनसमोर. मॅचमधला प्रत्येक पास, प्रत्येक फटका कुणीतरी तिकडे टिपून ठेवतं. तो ढीग माझ्याकडे यायचा. मी त्यातून अर्थ काढायचा. या धंद्यातली मुख्य गंमत एकाच वाक्यात सांगता येते: गोल किती झाले यापेक्षा गोल व्हायला हवे होते किती, ते आम्ही मोजतो. अमुक जागेवरून, अमुक कोनातून मारलेला चेंडू शंभरात किती वेळा आत जातो, हे जुन्या हजारो मॅचवरून ठाऊक असतं. त्यामुळे एखादा संघ हरत असला तरी तो खरोखर वाईट खेळतोय की नुसतं त्याचं नशीब फुटलंय, हे आम्हाला कळतं. निदान कळतं असं आम्ही मालकांना सांगतो.

स्कॉटचे प्रश्न मात्र गोदामातलेच. पहिल्याच महिन्यात त्याने विचारलं, “हा गोलकीपर नव्वद मिनिटांत इतक्या कमी वेळा चेंडूला हात लावतो. याला अजून काही काम देता येणार नाही का?” मी तो प्रश्न जसाच्या तसा मॅनेजरपुढे ठेवला. तो म्हणाला, “त्याला सांग, पुढच्या मॅचपासून आम्ही त्याच्याकडून चहाही करून घेऊ.”

हा मॅनेजर म्हणजे कीथ. तिकडच्या क्लबात मॅनेजर म्हणजे टेबलामागचा साहेब नव्हे. तोच प्रशिक्षक, तोच संघ निवडणारा, हरल्यावर शिव्या खाणाराही तोच. कीथ साठीचा, त्याच गावात जन्मलेला, त्याच क्लबात बचावफळीत खेळून दोन्ही गुडघे घालवलेला. सोमवारी सकाळी आठला, त्याच्या दुपारी दोनला, आमचा व्हिडिओ कॉल असे. तो मला ‘लव्ह’ म्हणायचा. पहिल्यांदा ते ऐकून सुधीर जिन्यावर थबकला होता. त्याला समजावून सांगावं लागलं की त्या भागात भाजीवालीसुद्धा बस ड्रायव्हरला लव्ह म्हणते. सुधीर म्हणाला, “असेल. पण भाजीवाली दर सोमवारी कॉल करत नाही.”

कीथचा माझ्या आकड्यांवर विश्वास होता, हे सगळ्यात आश्चर्य. त्याला ते कळत नसत, पण विश्वास होता. आमचा एक विंगर होता, म्हणजे कडेकडेने धावणारा खेळाडू. घरच्या मैदानावर दुसऱ्या हाफमध्ये त्याचं धावणं निम्म्यावर यायचं. मी मोठ्या दिमाखात सांगितलं, याचा दम कमी पडतो, तासाभराने याला बाहेर काढा.

कीथने चहाचा घोट घेतला. “बाहेरच्या मैदानावर पण असंच?”

मी पाहिलं. तिथे नव्हतं. तिथे तो शेवटपर्यंत हरणासारखा.

“दुसऱ्या हाफमध्ये तो ज्या कडेने धावतो ना, लव्ह, तिथे तिसऱ्या रांगेत त्याचा बाप बसतो. ओरडत असतो.”

पुढच्या आठवड्यात कीथने त्या बापाला क्लबतर्फे सन्मानाची खुर्ची दिली. मैदानाच्या थेट दुसऱ्या टोकाला, गोलच्या मागे. बाप खूश. पोरगा दोन्ही हाफ धावायला लागला. मला वाटलं होतं कीथ मला टोमणा मारेल. तो म्हणाला, “तू दाखवलं नसतंस तर मला दिसलं नसतं.” खरं तर त्याला कधीचं दिसलं होतं. माझा मान ठेवायला बोलला तो.

आता त्या कागदाकडे येते.

स्कॉट एका पानापेक्षा जास्त काही वाचत नाही. म्हणून गोदामांसाठी मी सिग्नलच्या रंगांचा कागद करत असे, आणि तोच क्लबलाही लावला. उजव्या कोपऱ्यात एक मोठा ठिपका: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे गंभीर. आयटीत काम केलेल्या वाचकांना हे रंग पाठ असतील. आणि हेही पाठ असेल की हिंजवडीत प्रोजेक्ट हिरवा दाखवला की तुमचीच दोन चांगली माणसं काढून दुसरीकडे देतात. पिवळ्याला कुणी विचारत नाही. लाल केला की मात्र तिसऱ्या दिवशी वरून दोन सीनियर हजर, क्लायंटची मुदतवाढ मंजूर, आणि रात्रीच्या जेवणाचं बिल कंपनीकडे. लाल रंग म्हणजे आमच्याकडे मदतीची हाक. पहिल्या नोकरीत अंगात भिनलेली गोष्ट.

त्या हंगामात नोव्हेंबरपर्यंत आम्ही बरे होतो. मग मधले दोन्ही बचावपटू जखमी झाले, एकाचा गुडघा, एकाचा घोटा. त्यानंतर लागोपाठ चार मॅच एकेका गोलने हरलो. आमच्या वर्गातले तळाचे चार संघ हंगामाच्या शेवटी खालच्या वर्गात ढकलले जातात. आम्ही त्या चारांत जाऊन बसलो. पण माझे आकडे रडत नव्हते. आमचे फटके खांबाला लागत होते, समोरच्यांचे लांबून मारलेले आत जात होते. संपूर्ण हंगामाचा हिशेब सांगत होता की हा तक्त्यात मध्यावर असायला हवा असा संघ आहे, जरा धीर धरा. प्रामाणिक रंग पिवळा होता.

कीथला एक बचावपटू हवा होता. हंगामाच्या मध्यात खेळाडू घेता येतात ते फक्त जानेवारीत. त्याने स्कॉटला दोनदा सांगितलं. स्कॉट दोन्ही वेळा म्हणाला, “कागद पिवळा आहे. पिवळा म्हणजे चालू शकतं.”

सोमवारी कीथ मला म्हणाला, “त्याला कसं पटवायचं, तुला सुचतंय काही?” इतकंच. रंग बदल असं तो बोलला नाही, आणि त्याच्या मनातही ते आलं नसणार.

पुढच्या रविवारी दुपारी मी कागद केला, पिवळा. सेव्ह केला. मग खुर्चीत मागे रेलून विचार केला आणि दुसरी प्रत काढली. तिच्यात एकही आकडा खोटा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मी फक्त संपूर्ण हंगामाऐवजी शेवटच्या चार मॅच घेतल्या. एवढ्याने कुठलाही संघ बुडालेला दाखवता येतो. कोपऱ्यातला ठिपका लाल केला. चांगला भडक. आणि एका क्लिकमध्ये तीच प्रत स्कॉटला पाठवून दिली. कीथला कळवलं नाही, कारण त्याला जानेवारीत बचावपटू हातात देऊन चकित करायचं होतं. स्वतःवर इतकी खूश होते की वर जाऊन मी भजी तळली.

मला माहीत असायला हवं होतं. स्कॉटच्या गोदामांसाठी हाच कागद मी तीन वर्षं केला होता. तिथे एखादं गोदाम लाल झालं की तो मदत पाठवत नसे. गोदामाचा मॅनेजर बदलत असे. दोनदा पाहिलं होतं मी. पण फुटबॉल म्हणजे काही गोदाम नव्हे, असं माझं मलाच वाटत होतं. स्कॉटला कुणी हे सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी कॉल. स्कॉट, क्लबचा तिकडचा एक संचालक, कीथ आणि कोपऱ्याच्या चौकोनात मी. स्कॉटने माझा कागद स्क्रीनवर लावला.

“कीथ, हे लाल आहे.”

कीथने चष्मा लावला, बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, “हे तिने केलंय?”

“तिनेच. आमच्याकडे तिच्याइतकं अचूक कोणी नाही.”

कीथने चष्मा काढला. “मग बरोबर असेल.”

पुढचं स्कॉट जे बोलला ते सगळे मालक बोलतात. आभार, नवी दिशा, जड अंतःकरण. माझा माइक म्यूट होता. तो उघडायला एक बोट लागतं. मी त्या बटणाकडे बघत होते, बोट जागेवर होतं, आणि डोक्यात फिरत होतं ते हे की आता बोलले तर मालकाला फसवल्याचं कबूल करावं लागेल. व्हिसाची भीती असण्याचे दिवस कधीच मागे गेले होते. माझ्याकडे अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे, घराचे हप्ते संपत आलेत. तरी बोट हललं नाही. कीथ उठला, त्याचा चौकोन रिकामा झाला. टेबलावर चहाचा मग तेवढा राहिला, त्यातून वाफ येत होती.

सुधीरला सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर मोजे घालत होता.

“तू केलंस काय हे? प्रोजेक्ट होता का तो?”

“मला वाटलं माणूस मिळेल त्याला.”

“अगं, माणूसच गेला!”

कॉलेजला जाणारी आमची सई हेडफोन बाजूला करून म्हणाली, “वेट. आई, डिड यू गेट हिम फायर्ड?”

“मी कागद पाठवला फक्त.”

“सो, येस,” ती म्हणाली आणि हेडफोन परत लावले.

मी कीथला मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. शेवटी ‘वाईट वाटलं’ एवढंच पाठवलं. त्याचं उत्तर आलं: ‘तू तुझं काम केलंस, लव्ह.’ ते वाचून मी आठ दिवस फोन उलटा ठेवत होते.

नवा मॅनेजर आला. तरुण, कोरीव दाढी, लॅपटॉप काखेत. त्याला माझे आकडे माझ्यापेक्षाही जास्त आवडत. आणि जानेवारीत काय व्हावं? बचावपटू आला. एक नव्हे, दोन. शिवाय धावण्याचा एक वेगळा प्रशिक्षक. लाल रंगाने मदत आणली, अगदी हिंजवडीच्या नियमाप्रमाणे. ज्याच्यासाठी हाक मारली होती तो घरी होता, इतकाच फरक. मग खांबाला लागणारे फटके आत जायला लागले. ते जाणारच होते. माझा पिवळा कागद तेच सांगत होता. पण तो कागद माझ्याशिवाय कुणी पाहिलेलाच नव्हता.

मे महिन्यातली शेवटची मॅच स्कॉटने सगळ्यांना एका गोदामात मोठ्या पडद्यावर दाखवली. रॅकच्या मधोमध खुर्च्या, कॉफी, डोनट. बरोबरी झाली आणि आम्ही वाचलो. स्कॉट खोक्यावर उभा राहिला. त्याच्या हातात काचेची फ्रेम होती आणि फ्रेममध्ये माझा लाल कागद. “क्लब वाचवला तो या कागदाने,” तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मी उभी राहून वाकून नमस्कार केला. नाटकाची हौस मला लहानपणापासून आहे, पण तितका भिकार प्रयोग मी दुसरा केला नाही. शेजारी सुधीर हाताची घडी घालून बसला होता.

जूनमध्ये एका सोमवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मोरीन, कीथची बायको. तिचा आवाज मी आजवर फक्त त्याच्या पाठीमागून ऐकला होता, ‘कीथ, बूट बाहेर काढ’ वगैरे.

“तुला त्रास देते, पोरी. कीथला शेजारच्या गावातल्या क्लबाने विचारलंय. लहान क्लब आहे, पण चांगली माणसं. या आठवड्यात उत्तर हवंय त्यांना. तो नाही म्हणतोय.”

“का?”

“तुझा तो कागद स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आहे. क्लबाने काढल्याच्या पत्राबरोबर दिला होता. कुणी काही बोललं की काढून दाखवतो. म्हणतो, तिला माझ्याबद्दल आकस नव्हता, तिने लाल म्हटलं म्हणजे मी संपलोय. त्या पोरांचं वाटोळं केलं, आता यांचं करू का?” मग ती म्हणाली, “त्यात काहीतरी बरं असेल ना गं? एखादी ओळ? तेवढी मला काढून दे. मी त्याला वाचून दाखवीन.”

मी म्हटलं, “बघते.”

वाचकहो, या ‘बघते’त माझे चार दिवस गेले. मंगळवारी स्कॉटची मीटिंग होती. बुधवारी सईच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि फी भरताना माणसाला आपली नोकरी फार आवडायला लागते. गुरुवारी मी सुधीरला विचारलं, काय करू? तो म्हणाला, “मला विचारतेस म्हणजे तुला उत्तर माहितीये.” शुक्रवारी सकाळी मी कीथला व्हिडिओ कॉल लावला.

कीथ मागच्या बागेत होता, कांद्याच्या वाफ्यापाशी. दाढी वाढली होती. मी त्या क्लबाचं विचारलं.

“त्यांनी काल दुसरा घेतला. तरुण आहे. बरं झालं.” त्याने हातातली माती झटकली. “मोरीनने तुला छळलं का? तिला सांगितलं होतं मी, तुझा पिच्छा सोड म्हणून.”

काल. म्हणजे मी बुधवारी फोन केला असता तर. हे मी अजूनही मोजत असते. मोजण्याची सवय आहे ना.

मी सगळं सांगितलं. हिंजवडी, लाल रंग, चार मॅच, दोन प्रती. मध्ये मध्ये माझं इंग्रजी अडखळत होतं. त्याने मला थांबवलं.

“लव्ह, माझी समजूत काढू नकोस. मी म्हातारा आहे, बाळ नाही.”

“समजूत काढत नाहीये. थांब, दाखवते.” मी ती पहिली प्रत उघडून त्याच्या फोनवर लावली. त्याने चष्मा शोधला, खिशात नव्हता, डोक्यावर होता.

“हे पिवळं काय?”

“हा खरा कागद. ऑगस्टपासूनचा. मालकाला गेलाच नाही.”

“हा आकडा?”

“तुम्ही किती गोल करायला हवे होते तो.”

“आणि हा झालेला?” त्याने बोटाने स्क्रीन पुसली, जणू काचेवरच चूक होती. “एवढा फरक?”

“सगळे खांबाला लागलेले. आणि बचाव बघ. ते दोघं जखमी होईपर्यंत या हिशेबाने आपण वरच्या सहांत होतो. नंतरसुद्धा मध्यावर. तू शिकवत होतास ते बरोबर होतं, कीथ.”

मला वाटलं, आता शिव्या येतील. मी त्यांची तयारी केली होती. माफीचं भाषणही केलं होतं, तीन परिच्छेदांचं, सईकडून इंग्रजी तपासून घेतलेलं. ते सुरू केलं. पहिल्या परिच्छेदाच्या मध्यावर लक्षात आलं की त्याचं माझ्याकडे लक्ष नाही. त्याचे ओठ हलत होते. तो एकेक मॅच आठवून मोजत होता.

मग फोन त्याच्या हातातून गवतात पडला. मला नुसतं ढगाळ आभाळ आणि कांद्याची पात दिसत होती. त्याचे दुखरे गुडघे धडपडत घराकडे गेल्याचा आवाज आला, दार आपटल्याचा आला, आणि मग साठीच्या त्या माणसाचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडा:

“मोरीन! अगं मोरीन, आम्ही बरे खेळत होतो!”